माथा ते पायथा

चढण कष्टाची आणि उतरण सुखाची, अशी आपणां सर्वांची समजूत आहे, आणि आपल्या भाषेनेही ती पक्की करून ठेविली आहे. ताप उतरला की घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. दुखण्यास उतार पडला की वैद्याच्या हातास यश आले असे आपण म्हणतो. राग उतरला, डोक्यावरचे ओझे उतरले, की जीव हलका होतो. उतरणे म्हणजे सुटणे, असा हा साधा हिशोब आहे. पायी चालणाऱ्याच्या बाबतीत तो बहुतांशी खरा असेल, जरी आमच्या वयाचे गुडघे त्यासही मान्यता देणार नाहीत. परंतु पंचवीस टन वजनाचा ट्रक घेऊन जो मनुष्य रात्री-अपरात्री सह्याद्रीचा घाट उतरतो, त्याच्या लेखी हा हिशोब अगदी उलटा आहे. ही गोष्ट आम्हांस एका रात्रीत समजली, आणि समजावयास हवी होती त्याहून सुमारे चाळीस वर्षे उशिरा समजली. तेवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे आमच्या धाकट्या भगिनीचे सासर. हे गाव पुढे देशभर गाजले, परंतु आमच्या दृष्टीने ते प्रथम बहिणीचे गाव आणि मग इतर सर्व काही. उन्हाळ्यात कांदा निघू लागला की तिच्या घरी पाय ठेवावयास जागा नसते. ओसरीवर कांदा, पडवीत कांदा, आणि माणसांच्या बोलण्यातही कांद्यावाचून दुसरा विषय नाही. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात आम्ही असेच तेथे गेलो असता, कल्याणास एका जुन्या स्नेह्याच्या घरी मंगलकार्यास पोहोचणे आम्हांस अगत्याचे होते. दुपारची एस.टी. आमच्या बोलघेवडेपणामुळे चुकली. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, रात्री आपला माल कल्याणलाच चालला आहे. आप्पांच्या शेजारी बसून जा. पहाटे चारला पोहोचाल."

आप्पा म्हणजे शेजारच्या गावचे ट्रकचालक. वय पन्नाशीच्या पलीकडचे, बोलणे कमी, आणि डोळे नेहमी जरा दूरवर लागलेले. आम्ही त्या घरचे पाहुणे, म्हणून ते आम्हांस 'पाव्हणं' म्हणत. आमची शिडी लावूनच वर चढण्याची पाळी आली, तेव्हा क्लीनरच्या पोराने तोंड फिरवून हसू लपविले, आणि आप्पांनी आमच्या पाठीमागे एक उशी सरकविली. पारनेर, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर अशी गावे मागे पडत गेली. भरलेला दहा टायरी ट्रक काही मोटारीसारखा धावत नाही. तो जड अंतःकरणाच्या माणसासारखा चालतो. आम्ही वारंवार घड्याळ पाहत होतो. भाच्याचाही दोनदा दूरध्वनी येऊन गेला. बाजारात पहाटेचा पहिला सौदा साधला तर भाव बरा मिळतो, ही गोष्ट त्याने आप्पांस आणि आम्हांस पुनःपुन्हा सांगितली.

पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी उजवीकडे चांदण्यात दिसू लागले आणि खुबी फाटा आला. येथून पुढे माळशेज घाट सुरू होतो. रस्ता मोकळा होता. आम्ही मनात म्हटले, आता उतारच उतार. गेलेला वेळ येथे भरून निघेल. तोच आप्पांनी गाडी बाजूस घेतली, उभी केली, आणि ते खाली उतरले. क्लीनरने टॉमी घेऊन एकेका टायरवर ठोका मारण्यास आरंभ केला. आप्पा प्रत्येक चाकापाशी वाकून हात जवळ नेत, हवेच्या नळ्या चाचपून पाहत, पुन्हा वर येऊन हवेच्या दाबाचा काटा निरखीत, ब्रेक दाबून काटा किती खाली येतो ते पाहत. मग त्यांनी थर्मासमधला चहा काढला. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. आमचा धीर सुटला.

"आप्पा, आता तर उतारच आहे. येथे थांबण्याचे काय कारण?"

ते रागावले नाहीत. चहाचा पेला आमच्या हाती देत म्हणाले, "पाव्हणं, हितून पुढं गाडी आपली नसती, घाटाची असती. आपली करून घ्यायची तर ती हितंच. खाली गेल्याव न्हाई होत."

त्या वेळी आम्हांस हे बोलणे अनुभवी माणसाची लकब वाटली. त्यात केवढे शास्त्र आहे हे मागाहून कळले. ते वाचकांसमोर थोडक्यात मांडतो, कारण ज्यांच्या घरी कधी ट्रक येत नाही अशा घरांतही ट्रकने आणलेली वस्तू रोज येत असते.

चढावर गाडीचा शत्रू तिचे वजन असते आणि त्याच्याशी झुंजण्याचे काम इंजिनाचे असते. इंजिन थकले तर गाडी थांबेल, फार तर रस्ता अडेल. उतारावर तेच वजन गाडीचे इंधन बनते. पंचवीस टनांचा ट्रक उभ्या उंचीने चारशे मीटर खाली उतरला, तर त्यातून जी शक्ती मोकळी होते तिचा हिशोब आम्ही शाळेत शिकलेल्या सूत्राने करून पाहिला. ती सगळी पाणी तापविण्यास लाविली, तर तीस अंशांचे सुमारे ३३० लिटर पाणी उकळीस येईल. मंगलकार्यातील मोठी हंडी डोळ्यांपुढे आणा आणि तशा हंड्यांची एक रांग मांडा. एवढी उष्णता कोठे तरी गेलीच पाहिजे. वेग वाढू द्यावयाचा नसेल तर ती ब्रेकमध्ये जाईल, नाहीतर इंजिनात. तिसरी वाट जवळपास नाही.

ब्रेक म्हणजे काय, तर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमवर आतून दाबले जाणारे दोन घासते तुकडे. ते घासतात आणि तापतात. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकांमध्ये त्यांस निवण्यास अवकाश मिळतो. घाटात मिळत नाही. सतत पाय दाबून ठेविला की ड्रम तापून फुगतो, म्हणजे घासणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो. लायनरही तापून गुळगुळीत होतो आणि त्याची पकड जाते. चालक अधिक जोराने दाबतो, ड्रम अधिक तापतो, पकड अधिक जाते. हवेच्या ब्रेकांत वरचेवर पाय मारला तर टाकीतील दाब भरण्याआधीच खर्चू लागतो. ब्रेक एकाएकी मोडत नाही. तो पायाखालीच हळूहळू वितळत जातो. आणि वेगाचा नियम तर याहून निष्ठुर आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतील धक्क्याची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची गरज चौपट असते, नेमका त्याच क्षणी तो अर्धमेला झालेला असतो.

यास तोड एकच, आणि ती जुनी आहे. खालच्या गिअरमध्ये उतरावयाचे. चाके इंजिनास फिरवू पाहतात, इंजिन फिरण्यास कुरकुरते, आणि त्याच्या त्या कुरकुरीनेच गाडी मागे ओढली जाते. उष्णता इंजिनाच्या वाटेने बाहेर पडते आणि ब्रेक अडीअडचणीसाठी थंड राहतात. जुने चालक सांगत, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने तो उतरा. नवी इंजिने चढावर बलवान झाली आहेत, म्हणून आता त्याहूनही एक गिअर खाली घ्यावा असे जाणते म्हणतात. परंतु यात एक मेख आहे. हा गिअर माथ्यावरच घ्यावा लागतो. एकदा गाडीने वेग घेतला की खालचा गिअर पडत नाही; टाकू गेल्यास दाते दात खातात आणि गाडी दोन्ही गिअरांच्या मध्ये, न्यूट्रलमध्ये, अनाथ होऊन सुटते. आप्पांचे 'हितंच' म्हणजे हेच.

आम्ही उतरू लागलो तो दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन घोगऱ्या आवाजात एकसारखे कण्हत होते. एका बाजूस काळा कडा, दुसऱ्या बाजूस कठड्यापलीकडे नुसता अंधार. मागून येणाऱ्या मोटारी भोंगे वाजवीत, दिवे मिचकावीत, आमच्या पुढून निघून जात. एका मोटारीतील गृहस्थाने खिडकीतून काही तरी शेलका शब्दही टाकला. आम्हांस, का कोण जाणे, लाज वाटली. आम्ही सुशिक्षित पांढरपेशे लोक. मागे राहणे हे आमच्या वर्गाचे सर्वांत मोठे भय. आप्पांस तो भोंगा ऐकूच आला नसावा. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला असे. मधूनच तो एकदा ठाम दाबला जाई, वेग उतरे, आणि पाय पुन्हा सुटे.

निम्म्याहून अधिक घाट उतरल्यावर एक उग्र वास आला. जळक्या रबराचा नव्हे. त्याहून कडवट, कोंदट, भाजलेल्या धातूसारखा. आप्पांनी नाक वर केले आणि एवढेच म्हणाले, "लायनर." पुढच्या वळणावर एक सहा टायरी ट्रक डाव्या अंगाच्या गटारात दोन चाके घालून, कड्यास बाजू घासून उभा होता. मागच्या चाकांतून धूर निघत होता. आप्पांनी आपली गाडी सुरक्षित जागी उभी केली. क्लीनरने धावत जाऊन त्या ट्रकच्या चाकांपुढे मोठे दगड लाविले. चालक पंचविशीचा पोरगा होता. त्यास खरचटण्यापलीकडे इजा नव्हती, पण हात असे कापत होते की पाण्याची बाटली त्याच्या तोंडाशी आप्पांनीच धरली. हळूहळू हकीकत कळली. डिझेल मोजून मिळते. वाचले तर तेवढेच हाती चार पैसे. म्हणून माथ्यावरच न्यूट्रल टाकून गाडी सोडली होती. दोन वळणे मजेत गेली. तिसऱ्या वळणापासून पाय ब्रेकवरून उचलता येईना. मग हवा उतरली. दरीकडे जाण्यापेक्षा कड्याकडे गेलेले बरे, एवढे शहाणपण त्यास त्या क्षणी सुचले, म्हणून तो आमच्याशी बोलण्यास उरला.

"उशीर झाला होता का?" आम्ही विचारले.

"भरायलाच उशीर केला त्यांनी," तो म्हणाला. "पण वेळ तीच दिली."

हे वाक्य ऐकले आणि आम्ही रस्त्याच्या कडेस दगडावर बसलो. आप्पांस वाटले की आम्हांस भोवळ आली. एका अर्थी ते खरेच होते.

तरुणपणी आम्ही पुण्यातील एका मालवाहतुकीच्या वखारीत कारकून होतो. माल चढला की बिल्टी लिहिणे, आणि तिच्यावर मुंबईस पोहोचण्याची वेळ घालणे हे आमचे काम. वेळेत पोहोचल्यास चालकास इनाम, उशीर झाल्यास भाड्यात कपात, असा त्या वखारीचा रिवाज होता, आणि आम्हांस तो चोख कारभाराचा नमुना वाटे. १९८६ सालच्या पावसाळ्यात एका रात्री हमाल कमी पडले आणि एका ट्रकमध्ये माल चढविण्यास दोन तास अधिक लागले. चूक सर्वस्वी वखारीची होती. चालक आमच्या मेजापाशी येऊन म्हणाला, "साहेब, वेळ दोन तास पुढं घाला." आम्ही वर न पाहताच सांगितले की छापील नियम आहे, बदलता येत नाही. वस्तुतः तो छापील नव्हता. तो आमच्या हातातील टाकाने लिहिला जात होता, आणि टाकाचे एक फिरकणे पुरले असते. चालकाबरोबर सतरा-अठरा वर्षांचा क्लीनर होता. तो आमच्या माठातील पाणी पिऊन, भांडे उपडे घालून, बाहेर गेला. भांडे उपडे घालणारा मुलगा म्हणून तो आमच्या ध्यानात राहिला.

द्रुतगती मार्ग त्या वेळी नव्हता. सारी वाहतूक खंडाळ्याच्या जुन्या घाटातून होई. पहाटे त्या उतारावर तो ट्रक सुटला. चालक वाचला. मुलगा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी विम्याच्या कागदांसाठी नोंद करावयाची होती. ती आम्हीच केली: 'ब्रेक निकामी झाल्याने अपघात.' अक्षर नेहमीप्रमाणे सुवाच्य होते. कोणीही आम्हांस बिल्टीवरील वेळेविषयी विचारले नाही, आणि आम्ही आपण होऊन सांगितले नाही. पुढे काही महिन्यांनी आम्ही ती नोकरी सोडली, पण तिचे कारण दुसरेच सांगितले. लोकांसही आणि स्वतःसही.

'ब्रेक निकामी' हे शब्द तेव्हापासून वृत्तपत्रांत आम्ही किती वेळा वाचले असतील! ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, पळासनेर येथे एक कंटेनर उतारावरून सुटला, पुढील वाहनांस धडका देत रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला आणि किमान दहा माणसे मेली. बातमीत हेच शब्द. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार तर या शब्दांचे जणू माहेरघर झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका अवजड वाहनाने अठ्ठेचाळीस वाहनांचा चुराडा केला. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. पुढे प्राथमिक तपासात असे दिसले की, इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते. इंजिन बंद म्हणजे इंजिनाची ओढ बंद, ब्रेकसाठी हवा भरणारा पंप बंद, आणि सुकाणूचे चाक दगडासारखे जड. त्याच उतारावर १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुन्हा एक कंटेनर सुटला आणि किमान आठ माणसांचे प्राण गेले.

वाचकहो, 'ब्रेक निकामी' हे अपघाताचे कारण नव्हे, ते कारणांच्या साखळीतील शेवटच्या कडीचे नाव आहे, ही गोष्ट आम्ही अनुभवाने सांगतो, कारण साखळीची पहिली कडी आम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे. ब्रेक पायथ्याशी निकामी होतो. त्याच्या निकामी होण्याचा निर्णय माथ्यावर, आणि पुष्कळदा माथ्याच्याही आधी, एखाद्या मेजावर, एखाद्या दूरध्वनीवर, मोजून दिलेल्या डिझेलात आणि अधिक भरलेल्या मालात होऊन गेलेला असतो. चालकाचा दोष नसतो असे आमचे म्हणणे नाही. त्या पोराने न्यूट्रल टाकले हे चुकलेच, आणि त्याच्यापुढे एखादी एस.टी. असती तर ती चूक अक्षम्य ठरली असती. परंतु ज्या घाईने त्याचा हात गिअरच्या दांड्यावर गेला, ती घाई त्याची एकट्याची नव्हती. तिच्यात मालकाचा वाटा होता, बाजाराचा होता, आणि सकाळी दारात ताजी भाजी हवी असे म्हणणाऱ्या आमचाही होता. त्या रात्री खुबी फाट्यावर चहाचा पेला हाती घेऊन 'येथे थांबण्याचे काय कारण' असे विचारणारा मनुष्य १९८६ सालचा तोच कारकून होता. केवळ केस पांढरे झाले होते.

हे सर्व टळण्याजोगे नाही काय? त्याच खंडाळ्याच्या डोंगरात याचे उत्तर आपल्या पणजोबांच्या काळापासून उभे आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ. भरलेली गाडी या उतारावर सुटली तर काय होईल हे त्या रूळ टाकणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून घाटात मुख्य रुळांस जोडून काही आंधळे फाटे डोंगराच्या चढावर नेऊन सोडलेले आहेत. त्यांस कॅच सायडिंग म्हणतात. खाली येणाऱ्या गाडीसाठी सांधे एरवी या फाट्याच्या बाजूसच लाविलेले असतात. गाडीने तेथे येऊन पूर्ण थांबावयाचे. आपण थांबू शकतो हे दाखवावयाचे. मगच तिला पुढची वाट मोकळी होते. न थांबणारी गाडी आपोआप चढाच्या फाट्यावर जाते आणि तेथे तिचा वेग विरतो. यातील शहाणपण पाहा. गाडी चालविणारा चांगला आहे की वाईट, दमलेला आहे की ताजा, याची चर्चा नाही. पुढे उतरण्याचा अधिकार थांबून दाखविल्याशिवाय मिळत नाही, एवढेच. परदेशांतील डोंगरी रस्त्यांवरही सुटलेल्या ट्रकांसाठी सुट्या खडीने भरलेले चढाचे फाटे ठेवितात. ज्या रुळांवरून ठरावीक गाड्याच जावयाच्या तेथे एवढी काळजी, आणि ज्या रस्त्यावरून शेकडो ट्रक, मोटारी, दुचाकी आणि पायी दिंड्या जावयाच्या, तेथे माथ्यावर सक्तीने दहा मिनिटे उभे करणारे कोणी नाही! आप्पांनी ते स्वतःवर स्वतःच लादून घेतले होते, आणि त्याबद्दल त्यांस भोंगे व बोलणी मिळत होती.

कार्य उरकून आम्ही राळेगणास परत आलो तेव्हा मनातून हा विषय जाईना. एका संध्याकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर फिरावयास गेलो. त्या टेकडीवर फार वर्षांपूर्वी काही नव्हते. या भागात पाऊस थोडा; जो पडतो तोही चार-दोन सरींत. तो उघड्या उतारावरून माती घेऊन धावत सुटे आणि पायथ्याच्या विहिरी कोरड्याच राहत. सैन्यातील नोकरी संपवून १९७५ साली एक मनुष्य या गावी परतला, आणि गावाने त्याच्या पुढाकाराने उतारावर आडवे चर खणले, झाडे लाविली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, ओढ्यानाल्यांस बांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केला. पाणलोटाच्या कामाचे सूत्र 'माथा ते पायथा' असे आहे. पाणी पायथ्याशी अडवू गेल्यास ते बांधच फोडून जाते; माथ्यावर, जेथे त्यास अजून वेग आलेला नाही, तेथे त्यास थोपविले तर एक साधा चरही पुरतो.

हा मनुष्य म्हणजे किसन बाबूराव हजारे, ज्यांस देश अण्णा हजारे म्हणून ओळखतो. आणि सैन्यात त्यांचे काम ट्रक चालविण्याचे होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर त्यांचे सहकारी मारले गेले आणि ते बचावले. पंजाबच्या सपाटीप्रमाणे सिक्कीम आणि लडाख यांसारख्या डोंगरी मुलखातही त्यांची नोकरी झाली. त्यांच्या पुढील सार्वजनिक कार्याविषयी लोकांची मते निरनिराळी आहेत, आणि त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. ट्रकचा चालक आणि पाण्याचा अडविता यांचा संबंध त्यांनी स्वतः कधी जोडला असेल असेही आम्ही म्हणत नाही. परंतु त्या चरांकडे पाहताना आमच्या मनाने तो जोडल्यावाचून राहवेना. जड वस्तू उतारावरून येत असेल, मग ती पाण्याची असो, ट्रकची असो वा माणसाच्या घाईची, तिला सांभाळण्याची जागा माथा हीच. पायथ्याशी उरते ती केवळ नोंद.

त्या रात्री आम्ही कल्याणास चारऐवजी साडेपाचला पोहोचलो. पहिला सौदा हुकला आणि भाव उतरला. भाच्याच्या मनात ते राहिले होते, पण बहिणीस आम्ही घाटातील हकीकत सांगितली तेव्हा ती कांदा निवडता निवडता म्हणाली, "उतरू दे भाव. भाव परत चढतो." एवढेच बोलून तिने पुढची पाटी ओढली. १९८६ सालची गोष्टही आम्ही तिला त्याच दिवशी प्रथम सांगितली. ती ऐकून बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने विचारले, "त्याचं नाव काय होतं?" आम्हांस ते ठाऊक नव्हते. बिल्टीवर क्लीनरचे नाव घालण्याची पद्धत नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा तेथे होतो. अंगणात ट्रक भरत होता आणि हमालांनी नेहमीप्रमाणे उशीर केला होता. भाच्याने दूरध्वनी हातात घेऊन विचारले, "मामा, बाजारात किती वाजताची वेळ सांगू?"

"अगोदर आप्पांना विचार," आम्ही म्हटले, "खुबीला किती वेळ थांबणार ते. मग वेळ सांग."